नाव जुनं, किल्ली नवी

चिम्वाला रुग्णालय,
गुरुवार, ७ मार्च २०२४

श्री. केनानी चिसाले यांना,
यंत्र-समूह कक्ष, लिलाँग्वे

साहेब,

तुम्ही मला ओळखत नाही. मी फालेसी म्बेवे. चिम्वालाच्या रुग्णालयात नोंदणीच्या खोलीत काम करते. हे पत्र उद्याच्या गाडीने येईल. ती शुक्रवारी तपासणीचे नमुने घेऊन लिलाँग्वेला जाते आणि बुधवारी रिकाम्या पेट्या घेऊन परतते. तुमच्या कक्षातल्या मुलीने फोनवर बजावलं, की या विषयावर फोन चालणार नाही, ईमेल चालणार नाही, फक्त सही केलेला कागद. म्हणून कागद.

आमच्याकडे २६ फेब्रुवारीला नवीन संगणक-यंत्र आलं. जोडायला आलेल्या माणसाने ते भिंतीशी ठेवलं, तारा लावल्या, पडद्यावर काय भरायचं ते मला दाखवलं आणि मासे विकत घ्यायला किनाऱ्यावर निघून गेला. तेव्हापासून यंत्र तुमच्याकडे प्रमाणपत्र मागतं आहे आणि पडद्यावर एकच शब्द आहे: प्रलंबित.

यंत्रासोबत एक जाड पुस्तक आलं आहे. मी शाळेत तीनच वर्षं गेले. पुढचं वाचायला औषधांच्या खोक्यांवरून आणि भिंतीवरच्या पत्रकांवरून शिकले, त्यामुळे मला वेळ लागतो. पण प्रमाणपत्रांचं प्रकरण मी चार वेळा वाचलं. मला कळलं ते असं. नवं यंत्र स्वतःच्या पोटात एक किल्ली घडवतं. ती ते कोणाला दाखवत नाही. मग तुमच्याकडच्या मुख्य यंत्राकडे अर्ज पाठवतं, की मी अमुक, मला तुमच्या यंत्रांच्या समूहात घ्या. कोणीतरी जबाबदार माणूस अर्ज बघून होय म्हणतो आणि मग सही होते. एका दिवसात कोणी होय किंवा नाही म्हटलंच नाही, तर अर्ज गळून पडतो आणि यंत्र पुन्हा मागतं. म्हणजे आमच्या यंत्राने आजवर दहा वेळा मागितलं आहे. आमच्याकडे भाच्यासाठी मुलगी मागायला आलेल्या मामालासुद्धा तीन खेपांत काय ते सांगतात.

मला घाई का आहे तेही लिहिते. माझा नवरा जाफेटी गेल्या सप्टेंबरात खोकल्याने गेला. त्याच्या थुंकीचा निकाल मोटरसायकलवरून आला तेव्हा त्याला पुरून अकरा दिवस झाले होते. निकालावर लिहिलेलं औषध आमच्याच कपाटात होतं, माझ्या टेबलापासून सहा पावलांवर. नोव्हेंबरात आम्हाला पहिलं यंत्र मिळालं, तेव्हा दहा आठवडे निकाल लिलाँग्वेत लागला की त्याच दिवशी इथे उमटायचा. आता पुन्हा कागदावर येतो. तीन आठवडे लागतात.

होय म्हणा, किंवा नाही म्हणून कारण द्या. गप्प राहू नका.

फालेसी म्बेवे

*

लिलाँग्वे,
मंगळवार, १२ मार्च

श्रीमती म्बेवे यांस,

पत्र मिळाले. तुमचे अर्ज मी रोज पाहतो. ते नजरचुकीने गळत नाहीत. मी ते गळू देतो.

पुस्तकातून तुम्हाला समजले ते बरोबर आहे. एक दुरुस्ती: सही मी करत नाही. मी फक्त मंजुरी देतो. सही करणारा प्रोग्रॅम वेगळा आहे, आणि तो माझ्या होकाराशिवाय हलत नाही. त्यामुळे चूक झाली तर ती सर्वस्वी माझी.

एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. तुमचे जुने यंत्र, जे आमच्या यादीत 'चिम्वाला-एक' या नावाने आहे, ते कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे?

३० एप्रिलपर्यंत समूहात न आलेली यंत्रे दुसऱ्या जिल्ह्याला द्यावीत असा आदेश आहे. तो मी काढलेला नाही.

के. चिसाले

*

चिम्वाला,
गुरुवार, १४ मार्च

साहेब,

जुनं यंत्र खोलीतच आहे. जानेवारीपासून ते विश्रांती घेतं आहे.

मी नव्याबद्दल विचारलं आणि तुम्ही जुन्याबद्दल विचारता. किनाऱ्यावर मासे वाळवणाऱ्या बायकांना आजचा भाव विचारला की त्या कालच्या वाऱ्याबद्दल सांगतात, तसं हे झालं. काल एक बाई दोन तास चालत आली, निकाल आला का विचारायला. आला नव्हता. ती पुन्हा दोन तास चालत गेली. ती तुम्हाला दिसत नाही, मला दिसते.

आमचे मुख्य वैद्यकीय अधिकारी न्गोझोसाहेब म्हणतात, लिलाँग्वेच्या लोकांना जेवढं कमी लिहावं तेवढं बरं. मी कमीच लिहिलं आहे.

फालेसी म्बेवे

*

लिलाँग्वे,
मंगळवार, १९ मार्च

श्रीमती म्बेवे यांस,

'विश्रांती' अशी कोणतीही अवस्था आमच्या यादीत नाही.

मला काय दिसते ते लिहितो. चिम्वाला-एक हे यंत्र १८ जानेवारीला दुपारी अचानक गप्प झाले. ते बिघडले असे कोणी कळवले नाही. पाच आठवड्यांनी दुसरेच कोणी यंत्र त्याच नावाने अर्ज करू लागले. नाव तेच, किल्ली वेगळी. आता माझ्या जागी बसून बघा. एक माणूस घरातून न सांगता नाहीसा होतो. काही दिवसांनी परका माणूस दाराशी येतो आणि म्हणतो, तो मीच. तुम्ही त्याला जेवायला वाढाल?

जुने यंत्र कोणी पळवले, की नव्यावर बसून कोणी आत शिरू पाहत आहे, की हे तुम्हीच करत आहात, मला ठाऊक नाही. आत आलेल्या यंत्राला हजारो रुग्णांची नावे आणि आजार वाचता येतात. खरे कळेपर्यंत माझा होकार मिळणार नाही. तुमच्याकडून पुन्हा असेच उत्तर आले तर मी अर्ज नाकारून यंत्र परत मागवीन.

के. चिसाले

*

चिम्वाला,
गुरुवार, ११ एप्रिल

चिसालेसाहेब,

तीन शुक्रवार गाडी माझ्या पत्राविना गेली. कागद मी प्रत्येक वेळी लिहिला होता. आज पाठवते आहे.

तुम्ही मला चोर म्हणालात त्याचा राग आला. मग एकदा पत्र तुमच्या बाजूने वाचलं. मी तुमच्या जागी असते तर मीही दार उघडलं नसतं.

जुनं यंत्र मेलं आहे. १८ जानेवारीला त्याच्यावर वीज पडली, आणि ती माझ्यामुळे पडली. आमच्या गावातही असंच बोलतात, पण त्यांचं म्हणणं निराळं. निम्म्यांच्या मते ती माझ्या नणंदेने जादूटोणा करून पाठवली आणि निम्म्यांच्या मते मी स्वतःच बोलावली. मला म्हणायचं आहे ते साधं आहे. आभाळ भरून आलं की यंत्राची तार भिंतीतून काढायची, हा नियम तुमच्याच लोकांनी शिकवला होता. ते काम माझं. त्या दिवशी जाफेटीच्या सुतकाचा शेवट होता. डोकी भादरायची होती, आणि त्याच्या बहिणीचा थोरला मुलगा त्याचं नाव घेणार होता. मी खोलीला कुलूप लावलं आणि कुलपाची किल्ली कमरेला बांधून गावी गेले. कोणाच्या हाती द्यायला मन धजेना. त्या दहा आठवड्यांत मी त्या यंत्राला इतकं जपलं होतं, की ते फक्त मलाच ऐकतं असं मला वाटायला लागलं होतं. परत आले तर खोलीत जळका वास आणि भिंतीवर हातभर काळा डाग.

न्गोझोसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "काही लिहू नकोस. मी बघतो." त्यांनी जिल्ह्याकडून जादा यंत्र म्हणून दुसरं मिळवलं. जुनं मेलं हे कोणीच कुठे लिहिलं नाही. त्यांनी दया केली आणि मी ती घेतली.

आता नावाचं. नव्या यंत्राने पडद्यावर नाव विचारलं तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. आपल्याकडे मुखिया गेला की त्याच्या आसनावर बसणारा त्याचं नाव घेतो. आमच्या गावच्या मुखियाचं नाव सात पिढ्या एकच आहे. घरातलाही कर्ता गेला की कोणीतरी त्याच्या नावात शिरतं, म्हणजे ते नाव जमिनीवर पडत नाही. जुनं यंत्र गेलं, नवं त्याच्या जागी बसलं, म्हणून मी त्याला तेच नाव दिलं. मला वाटलं हे तर आदराचं आहे. तुमच्या यादीला ते चोरीसारखं दिसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

जानेवारीपासून आमचे चाळीस निकाल उशिरा आले. त्यातल्या दोघांना निकाल द्यायला मी गेले, तर घेणारं कोणी नव्हतं. हे ओझं माझं आहे, यंत्राचं नाही. शिक्षा मला करा. यंत्राला आत घ्या.

फालेसी

*

लिलाँग्वे,
मंगळवार, १६ एप्रिल

माई,

तुमचं पत्र शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. दोनदा वाचलं. सरकारी भाषेत उत्तर लिहायला बसलो होतो, कागद फाडला.

मीही एक गोष्ट लपवली आहे. फोन का चालत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. गेल्या वर्षी एका रुग्णालयातून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, अगदी माझ्या मामासारखा. म्हणाला, "बाळा, आमची चार यंत्रं अडकली आहेत, पेशंट ताटकळलेत." समोर सहा अर्ज होते. मी एकेक न बघता सगळ्यांना एकदम होय म्हटलं. त्यातली दोन रुग्णालयाची नव्हतीच. नऊ दिवस कोणीतरी आजारी माणसांची नावं वाचत बसलं होतं. माझी नोकरी राहिली, पण तेव्हापासून होय म्हणायला माझं बोट उचलत नाही. माझी बायको म्हणते, घरात तिने मक्याची न्सिमा आणखी वाढू का विचारलं तरी मी विचार करतो.

तुमची चूक मी माझ्या वरिष्ठांना सांगितली. सांगावीच लागली. त्यांनी विचारलं, या बाईंनी स्वतःहून लिहिलं का? मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग त्यांना शिक्षा कसली, आणखी चार रुग्णालयांत जळालेली यंत्रं असतील, तिथले लोक लिहीत नाहीत. तेव्हा तो विषय संपला.

नावाबद्दल. तुम्ही चुकलात असं मला आता वाटत नाही. मीही गावचाच आहे. फक्त एक फरक आहे. नाव वारशाने मिळतं, किल्ली मिळत नाही. ती त्या एका यंत्राच्या पोटात घडली होती आणि त्याच्याबरोबर जळाली. आमचं मुख्य यंत्र नावाला मान देतं, पण ओळखतं किल्लीला. म्हणून आधी जुन्याला यादीत मृत लिहावं लागतं. ते मी कालच केलं. आता ते नाव मोकळं आहे. नव्याला तेच ठेवायचं की दुसरं द्यायचं, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालेल.

मग हे करा. नाव पक्कं झाल्यावर पडद्यावर किल्लीचा ठसा दिसेल, आकड्या-अक्षरांची लांब ओळ. तो किल्लीचा ठसा आहे, किल्ली नव्हे, त्यामुळे कोणाला दाखवायला हरकत नाही. तो कागदावर उतरवा. खाली दोन सह्या हव्यात: तुमची आणि न्गोझोसाहेबांची. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावं, की जुनं यंत्र १८ जानेवारीला जळालं. एकट्या तुमच्या सहीवर मला पुढे जाता येणार नाही. लग्नात जसा कोणी स्वतःचा न्खोस्वे, म्हणजे जामीन, होत नाही, मामालाच पुढे होऊन बोलावं लागतं आणि उद्या काही बिघडलं तर त्यालाच उत्तर द्यावं लागतं, तसंच हे आहे. तुमच्या यंत्रासाठी दुसऱ्या कोणीतरी उभं राहायला हवं.

तीस तारखेला चौदा दिवस आहेत. गाडीच्या दोनच खेपा.

केनानी

*

चिम्वाला,
गुरुवार, १८ एप्रिल

केनानी,

ठसा सोबतच्या कागदावर आहे. तीन वेळा उतरवला आणि दोन परिचारिकांकडून वाचून घेतला.

न्गोझोसाहेब सही करायला तयार नव्हते. काल सकाळी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी तुझ्यावर पांघरूण घातलं आणि तू मलाच उघडं पाडतेस. मग म्हणाले, दोन वर्षांत निवृत्त होतो आहे, माझ्या कागदावर आजवर एक डाग नाही. मग म्हणाले, तीन आठवडे लागले तर लागले, पूर्वी दोन महिने लागायचे, तेव्हा काय माणसं जगत नव्हती का. हे शेवटचं बोलून ते स्वतःच थांबले.

मी म्हटलं, "साहेब, जाफेटीचा निकाल तुम्हीच माझ्या हातात दिलात. तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघत होतात. मला तुम्हाला पुन्हा तसं बघायचं नाही."

ते रुग्ण तपासायला गेले. दुपारी आले, माझ्याच टेबलावर बसले आणि लिहू लागले. तुम्ही एक ओळ मागितली होती, त्यांनी अर्धं पान लिहिलं आहे. वीज, तारीख, जादा यंत्र, सगळं. सही करून मला म्हणाले, "तुझ्या त्या चिसालेला सांग, माझं अक्षर वाचता आलं नाही तर फोन करू नकोस. या विषयावर फोन चालत नाही म्हणे." बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

नाव मी बदललं आहे. नवं यंत्र आता चिम्वाला-दोन. त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं असं नाही, तरी सांगते. जाफेटीचं नाव ज्याने घेतलं तो भाचा भला माणूस आहे. दर रविवारी येतो, छप्पर बघतो, मला काय हवं नको विचारतो. गावात सगळे त्याला जाफेटी म्हणतात आणि मीही म्हणते, म्हणायला हवं. पण परवाच्या रविवारी त्याने मला विचारलं, मामी, पावसाच्या आधी मामा बोट कुठे बांधायचे? त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याची त्याला लाज वाटत होती. तुम्ही ते किल्लीचं लिहिलंत तेव्हा मला त्याचा चेहरा आठवला. मी त्याला म्हटलं, तुला सोयीचं वाटेल तिथे बांध. त्याला एवढं बरं वाटलं की तो तीन ताटं जेवला.

नव्या यंत्रालाही त्याची बोट सोयीचं वाटेल तिथे बांधू द्या.

माई

*

लिलाँग्वे,
सोमवार, २२ एप्रिल

माई,

हे पत्र पोचेल तेव्हा तुम्हाला सगळं माहीत झालेलं असेल, तरी नोंद म्हणून लिहितो.

गाडी शुक्रवारी दुपारी आली. कागद घेऊन मी पडद्यासमोर बसलो. तुम्ही उतरवलेला ठसा आणि अर्जातला ठसा, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. माझ्या शेजारची मुलगी, तीच जी तुम्हाला फोन नाही म्हणाली, ती दुसऱ्यांदा वाचायला आली. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. न्गोझोसाहेबांचं अक्षर खरंच भयंकर आहे, पण वाचलं.

मग मी होय म्हटलं. गेल्या वर्षानंतर कोणी वरिष्ठ डोक्यावर उभा नसताना, माझ्या मनाने दिलेला हा पहिला होकार. त्यानंतर आणखी तीन रुग्णालयांचे अर्ज बघितले. दोन मंजूर केले, एकाला पत्र लिहिलं आहे, तुमचं जुनं यंत्र कुठे आहे म्हणून. तुम्हाला लिहिलं होतं त्यापेक्षा नम्र भाषेत लिहिलं आहे.

प्रमाणपत्र एक वर्षाचं आहे. मुदत संपत आली की यंत्र आपणहून नवं मागेल. तेव्हा मला तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. एकदा ओळख पटली की ते स्वतःच स्वतःबद्दल बोलू शकतं.

आभाळ भरून आलं की तार काढा. आणि खोलीच्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाजवळ तरी ठेवा.

केनानी

*

चिम्वाला,
गुरुवार, २५ एप्रिल

केनानी,

दुसरी किल्ली वॉर्डातल्या थोरल्या परिचारिकेकडे दिली.

शुक्रवारी मी चार वाजेपर्यंत यंत्रासमोर बसून होते. पडद्यावरचा शब्द बदलला तेव्हा मी चष्मा पुसत होते, त्यामुळे 'मंजूर' मला दिसलाच नाही. चष्मा घातला तोवर पुढचा शब्द आला होता, 'दिले'. मग बराच वेळ काही नाही. मग मुख्य यंत्राने प्रोग्रॅमचे डबे, पुस्तकात त्यांना डबेच म्हटलं आहे, पाठवायला सुरुवात केली, एक, दोन, पाच, आणि प्रत्येक डबा उघडून आपापल्या कामाला लागला. बाजाराच्या दिवशी सकाळी बायका येऊन आपापल्या जागी टोपल्या मांडतात, तसं. आणि मग निकाल. तुमच्याकडे लागून पडलेले, कागदाची वाट बघणारे एकसष्ट निकाल एकामागून एक उतरले. न्गोझोसाहेब दारात उभे राहून मोजत होते. मोजताना चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

अठ्ठेचाळीस निर्दोष. तेरा जणांना आजार होता. त्यातले नऊ जण त्याच संध्याकाळी आणि शनिवारी सापडले. तिघांना निरोप गेला. एकजण राहिला, साइझिनी, जाळी विणणारा. तो किनाऱ्याच्या पार टोकाला राहतो आणि तिथे फोन लागत नाही. त्याने दहाच दिवसांपूर्वी थुंकी दिली होती. मीच त्याला सांगितलं होतं, तीन आठवड्यांनी ये.

रविवारी प्रार्थनेनंतर मी रुग्णालयाची सायकल घेतली. औषधाचं पाकीट पिशवीत टाकलं. शेवटचा मैल वाळू आहे, तिथे सायकल हातात धरून चालले. पूर्वी मी असे दोन निकाल घेऊन गेले आहे, तुम्हाला लिहिलं होतं. त्या वाटेवर अंगणात खूप माणसं दिसली की मला कळायचं. या वेळी लांबून अंगण बघितलं. एकच माणूस होता. उंबराखाली बसून जाळं विणत होता, आणि खोकत होता. खोकला ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्याने मला ओळखलं. म्हणाला, "माई, तीन आठवडे तर झाले नाहीत. इतक्या लवकर आलात म्हणजे फारच वाईट दिसतंय."

मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नाही, पण त्याने तो नीट दोन्ही हातांनी धरला. मी त्याच्याकडे बघतच म्हटलं, "आजार आहे. सहा महिन्यांचं औषध आहे. आणि ते घ्यायला तुम्ही आहात."

त्याने जाळं बाजूला सरकवून मला बसायला जागा केली आणि विचारलं, पहिली गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?

माई